"तुझं लक्ष कुठं होतं?" : लहान मुलांचे घरातले, दारातले, शेतातले अपघात

परसदार | रविवार, रात्री १०.५०

गेल्या महिन्यात आमच्या घरी जे झालं ते लिहायला आज चौथ्यांदा बसले आहे. तीन वेळा अर्ध्यावर खोडून टाकलं.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं जुनं घर आहे. मागं परसू, परसात न्हाणी, न्हाणीच्या तोंडाशी तांब्याचा बंब. सासूबाईंना बंबाचंच पाणी लागतं, थंडीत आम्हा सगळ्यांनाच. सकाळचे सव्वासात. माझ्या दिरांनी बंबाची तोटी सोडून निळ्या बादलीत कढत पाणी घेतलं आणि विसण, म्हणजे त्यात मिसळायचं गार पाणी, आणायला हौदाकडं वळले. हौद सात पावलांवर आहे, मी नंतर मोजली. तेवढ्यात माझी मुलगी, दोन वर्षं चार महिन्यांची, बादलीच्या काठाला धरून आत वाकली. तिचं रबरी बदक रोज त्याच बादलीत असतं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, आणि बादली कलंडली म्हणून पोट आणि एक मांडी.

मी भाकरी थापत होते. सासूबाई देवापाशी. नवरा मोठ्याचे शाळेचे बूट शोधत होता. घरात पाच मोठी माणसं, त्यातलं एक सात पावलांवर.

पुढं सगळं चुकत गेलं. शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन धावत आल्या, कुणी हळद लावली, कुणी बर्फ आणला. सगळे जिवाच्या आकांतानं मदत करत होते, मला कुणाला बोल लावायचा नाही. दवाखान्यात डॉक्टरांना ते सगळं धुऊन काढावं लागलं. ती धुताना जी रडली ते मी लिहू शकत नाही. नंतर ते शांतपणे म्हणाले, "लगेच नळाच्या धारेखाली वीस मिनिटं हात धरला असता तर इतकं खोल गेलं नसतं." नळ चार फुटांवर होता.

अकरा दिवस आम्ही ॲडमिट होतो. भेटायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकानं मला विचारलं, "तुझं लक्ष कुठं होतं?" दिरांना कुणी विचारलं नाही. नवऱ्यालाही नाही. पहिले चार दिवस मी पण स्वतःला तेच विचारत होते. पाचव्या दिवशी शेजारच्या कॉटवर चहाचं पातेलं अंगावर ओढलेलं बाळ आलं, आणि त्याच्या आईला तिची जाऊ तोच प्रश्न विचारत होती. त्याच शब्दांत. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. एवढ्या घरांत एवढ्या बायकांचं लक्ष एकदमच कसं नसेल? गोष्ट दुसरीच काहीतरी आहे.

घरी आल्यावर आम्ही एक गोष्ट बदलली. बादलीत आधी गार पाणी, त्यावर कढत. विसण नंतर आणायचं नाही, आधी भरून ठेवायचं. एक रुपया लागला नाही. माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंपासून या घरात बंब आहे आणि इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नाही, कारण दरवेळी कुणाच्या तरी लक्षावर बोट ठेवून विषय संपवला जातो.

तर मला तुमच्याकडून हे हवंय. तुमच्या घरात, गल्लीत, शेतात लेकरांसाठी धोक्याची जागा कुठली, आणि ती कशी बदललीत? फक्त "लक्ष द्यावं" असं लिहू नका, एवढी विनंती.

---

लवंगी | रविवार, रात्री ११.२०

ताई, वाचताना हातपाय गार पडले. लेक आता कशी आहे?

आमच्याकडचं सांगते. माझ्या बाळंतपणात मिळालेल्या लोहाच्या लाल गोळ्या उशाशी असायच्या. मोठ्यानं, तेव्हा तीन वर्षांचा, जेम्सच्या गोळ्या समजून तोंडात टाकल्या. किती गिळल्या ते कळेना. दवाखान्यात नेलं, रात्रभर ठेवून घेतलं, निभावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मोठ्या माणसाला ताकद देणारी ही गोळी लहान पोराच्या जिवावर उठू शकते. मला आतापर्यंत वाटायचं, लोहच तर आहे, काय व्हायचंय! आता औषधं कपाटाच्या वरच्या खणात, कडी लावून. आणि औषध देताना "खाऊ आहे, चॉकलेट आहे" म्हणणं घरात सगळ्यांना बंद केलंय.

---

सिस्टर_कागल | सोमवार, सकाळी ६.१०

नाइट ड्यूटी संपवून लिहितेय. एकोणीस वर्षं झाली ग्रामीण भागात नर्स म्हणून. परसदार ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे, आणि मी पण पूर्वी बायकांना तेच विचारायची. आता नाही विचारत.

इतक्या वर्षांत दिसलेलं सांगते. अपघात वयाप्रमाणं येतात. रांगणारं मूल जमिनीवरचं तोंडात घालतं, म्हणून घशात अडकणं. पाय फुटले की ओढणं, चढणं, वाकणं: चहा, आमटी, बादली, जिना. तीन ते पाचमध्ये झाकणं उघडता येतात पण वास-चव ओळखता येत नाही, तेव्हा रॉकेल, फिनेल, गोळ्या. शाळेत जायला लागलं की रस्ता आणि पाणी. आणि प्रत्येक वयात मुलग्यांचे अपघात मुलींपेक्षा जास्त, फक्त भाजण्याच्या बाबतीत मोठ्या मुलींचं प्रमाण वाढतं, कारण आठ-नऊ वर्षांपासून त्यांना चुलीजवळ बसवलं जातं.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नसतो. डोकं अंगाच्या मानानं जड, म्हणून बादलीत वाकलं की तोल पुढंच जातो आणि मागं येता येत नाही. दीड वर्षाचं पोर बादलीच्या तळातल्या चार बोटं पाण्यात बुडू शकतं, आवाजसुद्धा होत नाही. कातडी पातळ, म्हणून आपल्याला नुसतं चटका देणारं पाणी त्याला खोल भाजतं. श्वासनळी बारीक, म्हणून एक शेंगदाणा पुरे होतो. हे सगळं त्याच्या अंगातच आहे. शिकवून, रागावून जाणार नाही.

वेळसुद्धा ठरलेली असते. सकाळी सहा ते आठ, संध्याकाळी सहा ते आठ. घरातली बाई तेव्हा एका वेळी चार कामं करत असते. ज्या घरात एकाच खोलीत चूल, झोपणं, अभ्यास सगळं आहे तिथं पोराला स्वयंपाकापासून लांब ठेवणार कुठं? आणि जिथं सात वर्षांच्या बहिणीच्या काखेत दीड वर्षाचा भाऊ दिलेला असतो तिथं खरं म्हणजे दोन मुलं एकटी असतात. माझ्याकडं जास्त लेकरं अशा घरांतून येतात. त्या आया जास्त निष्काळजी आहेत म्हणून नव्हे, त्यांच्याकडं जागा आणि दुसरे हात कमी आहेत म्हणून.

थोडं उपचाराचं, कारण यात दरवेळी चूक होते.

भाजलं की साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं घड्याळ लावून. बांगड्या, करदोटा, कपडे काढा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. मग स्वच्छ सुती कापडात गुंडाळून दवाखाना. बर्फ नको, पेस्ट नको, हळद नको, तूप नको. बाकीचं अंग उबदार ठेवा, लहान मूल पटकन गार पडतं.

रॉकेल प्यालं तर उलटी काढायची नाही. पोटात गेलेल्या रॉकेलपेक्षा उलटीबरोबर फुप्फुसात गेलेलं रॉकेल घातक. मिठाचं पाणी पाजून आणलेली पोरं मी पाहिली आहेत.

घशात अडकलं आणि मूल खोकत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला आणि वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. पडलेलं दिसत नसताना घशात बोट घालू नका, आत ढकललं जातं.

आता झोपते. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, संध्याकाळी बघते.

---

भोगावती | सोमवार, सकाळी ९.०५

सगळ्यांबद्दल आदर ठेवून लिहितो. मी ६४ वर्षांचा. आमच्या लहानपणी पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत ढकलायचे, तिसऱ्या दिवशी पोहायला यायचं. बंधाऱ्यावरनं उड्या टाकल्या, बैलगाडीच्या मागं लोंबकळलो, चिंचेवरनं पडलो. कुणी जाळ्या मारल्या नव्हत्या. आजची पोरं काचेच्या कपाटात ठेवल्यागत वाढवायची आणि मग ती मैदानात उतरत नाहीत म्हणून रडायचं. हे कोल्हापूर आहे, तालमीचं गाव आहे. पडल्याशिवाय पोरगं घट्ट होत नाही. परसदार ताईंच्या लेकराचं वाईट वाटलं, ते वेगळं.

---

आडवी_गल्ली | सोमवार, सकाळी ९.४०

काका, गुडघा फुटणं आणि कढत पाण्यात भाजणं यात फरक आहे की नाही? खेळताना पडू नये असं इथं कुणीच म्हणत नाही. पडल्यावर उठता यावं एवढंच मागणं आहे.

---

बरगा | सोमवार, दुपारी १.१५

बंधाऱ्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त. ज्याला सगळा महाराष्ट्र 'कोल्हापुरी बंधारा' म्हणतो तो आपल्या नद्यांवर दर काही मैलांवर आहे. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी, पंचगंगा, सगळीकडं. आपल्याला त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. पण पोरांसाठी तो नेमका कसा धोक्याचा आहे हे गावात कुणी नीट सांगत नाही. नुसतं "तिकडं जाऊ नको" म्हणतात.

दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत बरगे म्हणजे आडव्या फळ्या घालायच्या. पावसाळा संपला की बरगे घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी काढायचे. आता लक्षात घ्या. जूनमध्ये ज्या ठिकाणी गुडघाभर पाणी होतं तिथं डिसेंबरात पुरुष-दीड पुरुष असतं. वरनं पाणी निवांत दिसतं, तळ्यासारखं. पोरगं मागच्या उन्हाळ्यातल्या ओळखीवर उडी टाकतं. दुसरं म्हणजे बरग्यांमधली फट किंवा अर्धवट उघडलेला गाळा, म्हणजे दोन खांबांमधली जागा. पाणी वरनं शांत आणि खालनं फटीकडं जोरात ओढतं. पोहणारा गडीसुद्धा त्या ओढीनं बरग्याला चिकटतो, पाय आत जातो. तिसरं म्हणजे बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पाणी पडून पडून खड्डा झालेला असतो, तिथं पाणी घुसळतं आणि माणसाला गोल फिरवतं. बंधारा बांधताना त्यावर कठडा नसतो, कारण पूर आला की तो पाण्याखाली जाणार असतो. त्या कठडा नसलेल्या बंधाऱ्यावरनं पोरं सायकली घालतात.

राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापुरातल्या पाचवीच्या पोराला पाठ आहे. २०१९ आणि २०२१ नं शिकवलं. पण पूर असताना पोरं नदीकडं फिरकतच नाहीत, सगळ्यांचा पहारा असतो. बुडतात ती एप्रिल-मेमध्ये, सुट्टीत, दुपारी, पाणी शांत असताना. मी नोकरीत असताना जेवढ्या वेळा पंचनाम्याला काठावर उभा राहिलो, त्यातल्या बहुतेक वेळा ऊन रखरखत होतं. आणि दरवेळी काठावर एकापेक्षा जास्त चपलांचे जोड असायचे. पहिला बुडतो, दुसरा त्याला काढायला उतरतो.

म्हणून पोरांना पोहण्याच्या आधी हे शिकवा: बुडणाऱ्याच्या मागं पाण्यात उतरायचं नाही. दोर, रिकामा कॅन, ट्यूब, लांब काठी, अंगातला शर्टसुद्धा फेका. आमच्या गावात यंदा बंधाऱ्याच्या दोन्ही टोकांना खांबाला रिकामे वीस लिटरचे कॅन दोराला बांधून टांगलेत. तेलाचे जुने कॅन, झाकण घट्ट. कुणी चोरून नेत नाही, सहा महिने झाले जागेवर आहेत.

---

सिस्टर_कागल | सोमवार, सायंकाळी ५.३०

बरगा काकांनी जे लिहिलंय ते शाळेत वाचून दाखवायला पाहिजे.

त्याला एक जोड. बुडालेलं मूल बाहेर काढल्यावर त्याला घागरीवर पालथं घालून पोट दाबतात, पाय धरून गरागरा फिरवतात, पाणी निघावं म्हणून. नका करू. त्याला पाणी काढायला नको, श्वास हवा असतो. उताणं ठेवा, हनुवटी वर, तोंडानं पाच श्वास, मग छाती दाबणं आणि श्वास आलटून पालटून, गाडी येईपर्यंत. यालाच सीपीआर म्हणतात. त्याच वेळी दुसऱ्यानं १०८ लावायचा. कोल्हापुरात "सीपीआर द्या" म्हटलं की लोक "थोरल्या दवाखान्यात न्या" असं समजतात, कारण इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्याचं नावच सीपीआर आहे, म्हणून फोड करून सांगितलं. दवाखान्यात न्यायचंच आहे, पण श्वास तिथंच, चिखलातच सुरू करायचा.

---

काकवी | सोमवार, रात्री ८.४५

मी शेतकरी माणूस, आमचं स्वतःचं गुऱ्हाळ हाय. शुद्ध लिहिता येत नाही, समजून घ्या.

गुऱ्हाळ म्हटलं की शहरातली पावनं पोरंबाळं घेऊन येत्यात. गरम गूळ, काकवी, रस. आनंद हाय, या. पण काहिल, म्हंजे रस उकळायची मोठी कढई, बघितलीय का कधी नीट? चुलवाण, म्हंजे भट्टी, जमिनीखाली, म्हणून काहिलीचा काठ जमिनीच्या जरासाच वर असतोय. मोठ्या माणसाच्या पायाशी आणि पोराच्या गुडघ्याशी. भोवतीनं मळी सांडून जमीन निसरडी. वर वाफ, दोन हातांवरचं दिसत नाही. पाणी शंभर डिग्रीला उकळतंय, गूळ उतरताना पाक ११८-१२० ला गेलेला असतोय. आणि पाणी अंगावरनं ओघळून जातंय, पाक चिकटून बसतोय. आमचा गुळव्या, म्हंजे गूळ करणारा, तीस वर्षांचा जाणता माणूस, त्याच्या पण हातावर डाग हायत.

दोन सालामागं एक पावनं पोरगं काठाशी सेल्फीला हुबं राहिलं. त्याचा बाप म्हणत हुता, "थोडं मागं सरक, सगळं येऊ दे." मागं काहिल. गुळव्यानं सदऱ्याला धरून वडलं. काही झालं न्हाई. पण मी त्या रात्री जेवलो न्हाई.

दुसऱ्या दिवशी पाईप आणून काहिलीच्या तीन बाजूंनी कंबरेएवढं कठडं मारलं. चौथी बाजू गड्यांच्या कामाची, तितं पोरांनी यायचंच न्हाई, दोरी बांधलीय. पोरांना बसायला बाहेर चिंचंखाली बाकडं केलं. काकवी तितं आणून देतो. लोकं उलट जास्त येत्यात.

अजून दोन गोष्टी सांगतो. तणनाशक, कीटकनाशक थंड पेयाच्या बाटलीत वतून ठेवू नका. आमच्यात सगळे ठेवत्यात, उरलेलं एवढंसं म्हणून. पोराला बाटली दिसती, औषध दिसत न्हाई. मूळ डब्यातच ठेवा आणि गोठ्याच्या तुळईवर, हात पोचणार न्हाई असं. आणि कडबाकुट्टी, वैरण कापायचं यंत्र. मोटरवरची कुट्टी चालू असताना पोराला वैरण सारायला लावू नका, एवढंसं काम म्हणून. बोटं कशी जातात ते कळत बी न्हाई. बटण खाली हाताशी असंल तर वर घ्या, वापर झाला की फ्यूज काढून खिशात ठेवा. मी तसंच करतो.

आणि ऊसतोडीच्या टोळ्या. बीडकडनं माणसं येत्यात, पोरं संगट. फडात बायकाबाप्ये दोघं तोडायला, तान्हं पोर बांधावर फडक्यावर झोपवल्यालं. ट्रॅक्टर मागं घेताना ड्रायव्हरला मागं काय दिसत न्हाई. पाचटात निजल्यालं पोर तर अजिबात न्हाई. मी आता ट्रॅक्टर फडात आला की आधी एक माणूस मागं चालत ठेवतो आणि पोरं माझ्या वस्तीवर बायकोकडं पाठवतो. रोज दहा-बारा पोरं असत्यात. बायको म्हणती अंगणवाडीच झाली. पण हे माझ्या एकट्यानं सगळ्या तालुक्याचं होणार न्हाई.

---

शेंडा_पार्क | सोमवार, रात्री ११.३०

काकवी दादा, तुमच्या घरात जे चाललंय तेच जगात सगळ्यात उपयोगी ठरलेल्या उपायांपैकी एक आहे. मी वैद्यकीय शिक्षण घेतोय, सामाजिक वैद्यक माझा विषय, म्हणून थोडं सविस्तर.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं २००८ मध्ये मुलांच्या अपघातांवर एकत्र अहवाल काढला. त्यांच्या हिशोबानं जगात वर्षाला सुमारे ८ लाख ३० हजार मुलं अशा अपघातांत जात होती. रोज दोन हजारांहून जास्त. त्यातली ९५ टक्क्यांहून अधिक आपल्यासारख्या कमी-मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. पाच मोठी कारणं: रस्ता, बुडणं, भाजणं, पडणं, विषबाधा. या धाग्यात एका दिवसात त्यातली चार येऊन गेली.

बांगलादेशात खेडोपाडी तळी, पोखरं. एक ते पाच वयाची मुलं बुडायची ती सकाळी नऊ ते एकच्या दरम्यान, आई कामात असताना. तिथं गावातल्याच एका बाईच्या घरी त्या चार तासांसाठी मुलं सांभाळायची सोय केली आणि बुडून होणारे मृत्यू खूपच खाली आले. मोठ्या मुलांना, सहा वर्षांपुढच्यांना, पोहायला आणि पाण्यात कसं वागायचं ते शिकवलं. आता जागतिक आरोग्य संघटना हे दोन्ही उपाय सुचवते. ऊसतोडीच्या पोरांसाठी हंगामात पाळणाघर चालवणं म्हणजे यापेक्षा वेगळं काही नाही.

परसदार ताईंच्या मुद्द्याला धरून आणखी दोन उदाहरणं. न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींच्या खिडक्यांतून मुलं पडायची. आयांना रागावून काही झालं नाही. १९७६ साली नियम झाला की दहा वर्षांपर्यंतचं मूल ज्या घरात आहे तिथं घरमालकानं खिडकीला गज बसवलेच पाहिजेत. पडणं कमी झालं. अमेरिकेतच १९७० च्या कायद्यानं औषधांना मुलांना न उघडणारी झाकणं आली आणि लवंगी ताईंनी लिहिलंय तशा घटना घटल्या. कॅनडानं २००४ मध्ये बाळांच्या वॉकरवर सरळ बंदी घातली, कारण वॉकरमधलं बाळ एका सेकंदात तीन-चार फूट जातं आणि जिन्यावरून खाली येतं. आपल्याकडं बारशाला अजूनही वॉकर भेट देतात. कृपया देऊ नका.

विल्यम हॅडन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी अपघाताचा विचार तीन वेळांत करायला शिकवलं: आधी, त्या क्षणी, नंतर. ताईंची बादली घ्या. आधी: विसण अगोदर भरणं. त्या क्षणी: बंबाचं पाणी उकळतं न ठेवणं, म्हणजे पडलंच तर कमी भाजेल. नंतर: नळाखाली वीस मिनिटं. तिन्ही ठिकाणी हात घालता येतो. "लक्ष" हे यातल्या एकाच कोपऱ्यात येतं.

---

आडवी_गल्ली | मंगळवार, सकाळी ७.५०

रस्त्याचं राहिलं म्हणून लिहिते. पोराला स्कूटरवर पुढं उभं करून शाळेत सोडणारे आपण सगळेच. त्याचे हात कुठं असतात बघा. हँडलवर, ॲक्सिलरेटरच्या शेजारी. सिग्नलला गाडी चालू ठेवून आपण फोन बघतो आणि ते मूठ पिळतं. माझ्या डोळ्यांसमोर असं झालंय, समोर बस होती. आणि अचानक ब्रेक मारला की त्याचं तोंड हँडलवर आणि आपलं सगळं वजन त्याच्यावर.

कायदा २०१९ पासून चार वर्षांपुढच्या मुलाला हेल्मेट सांगतो. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी २०२३ च्या फेब्रुवारीपासून चालवणाऱ्याला बांधायचा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० च्या आत वेग. आमच्या गल्लीत मी एकटीनं पट्टा घेतलाय. पहिले आठ दिवस लोक हसले. आता तिघींनी दुकानाचा पत्ता विचारलाय.

आणि दहावीतल्या लेकाच्या हातात बुलेट देणाऱ्या वडिलांना सांगा, अल्पवयीन पोरानं गाडी चालवून कायदा मोडला तर शिक्षा बापाला आहे: २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय गाडीची नोंदणी वर्षभर रद्द.

---

लवंगी | मंगळवार, दुपारी २.२०

एक पटकन. रिमोट, खेळणी, वजनकाटा यांतली चपटी गोल बॅटरी. पोरानं गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आत भाजायला लागते. दुखत नसलं तरी थांबायचं नाही, लगेच एक्स-रे. कप्प्याला स्क्रू नसेल तर आजच चिकटपट्टी लावा.

---

भोगावती | मंगळवार, रात्री ९.१०

काल जे लिहिलं त्यावर दिवसभर विचार करत होतो. बरगा साहेबांचं चपलांचं वाचलं आणि झोप लागली नाही.

आम्ही विहिरीत शिकलो ते सात जण. मी काल लिहिताना सहाच धरले. सातवा माझ्या चुलत्याचा मुलगा, माझ्याहून दीड वर्षानं लहान. त्याच्या पाठीच्या डब्याची दोरी सुटली. आम्ही काठावर हसत होतो, आम्हाला वाटलं नाटक करतोय. मी दहा वर्षांचा होतो. घरात नंतर त्याचं नाव कुणी घेतलं नाही आणि चुलतीला सगळे म्हणाले, लक्ष नव्हतं. ती शेतात भांगलायला गेली होती. ती शेवटपर्यंत विहिरीकडं पाठ करून बसायची. पन्नासपेक्षा जास्त वर्षं झाली. मी ही गोष्ट माझ्या मुलांनासुद्धा सांगितली नव्हती.

ती विहीर अजून आमच्याच वाटणीत आहे. कठडा ढासळलाय, एका बाजूनं जमिनीला सपाट आहे. आज सकाळी जाऊन बघून आलो.

परसदार ताई, माझं कालचं लिहिणं मागं घेतो.

---

परसदार | मंगळवार, रात्री १०.०५

काका, तुम्ही हे लिहिलंत यासाठी तुमचे किती आभार मानू. तुमच्या चुलतींना तेव्हा कुणीतरी खरं सांगायला हवं होतं.

लवंगी, लेक बरी आहे. बोटं सगळी वळतात. कोपराशी कातडी आखडू नये म्हणून दिवसातून चार वेळा व्यायाम आणि खोबरेल तेलानं चोळणं चालू आहे. काल तिच्या काकानं तिच्यासमोर बादलीत आधी गार पाणी ओतलं, बदक सोडलं, आणि मग कढत घातलं. त्यांना अजून तिच्याकडं बघवत नाही. "तुमचं लक्ष कुठं होतं" असं त्यांनाही कुणी म्हणू नये असं मला वाटतं.

---

भोगावती | बुधवार, सकाळी ८.३०

विहिरीवर लोखंडी जाळी टाकायची ठरवली आहे. सोळा फूट व्यास. उपसा मोटरनं होतो, त्यामुळं झाकली तरी अडचण नाही. गजांमध्ये अंतर किती ठेवू? वेल्डर सहा इंच म्हणतोय.

---

बरगा | बुधवार, सकाळी ९.००

सहा नको. चार इंचांपेक्षा जास्त अजिबात नको, लहान पोराचं अंग सहा इंचांतून सरकतं. मधे आय सेक्शनचा, म्हणजे लोखंडी तुळईचा, आधार द्या, नाहीतर सोळा फुटांत जाळी झोळते. मोटर काढायला अडीच फुटांचं दार ठेवा, कुलूप बाहेरनं. आणि कठडा बांधाल तेव्हा त्याला पायऱ्यांसारखे दगड बाहेर ठेवू नका, पोरं त्यावरनंच चढतात.

---

काकवी | बुधवार, सकाळी ९.२५

काका, माझ्याकडं गुऱ्हाळाचं जुनं लोखंडी चॅनेल पडून हाय, वीस फुटी दोन. गाव सांगा, ऊस टाकायला जाताना ट्रॅक्टरमधनं आणून टाकतो.